टांगलेला पाला

पासष्टी ओलांडली की जमीन माणसापासून लांब जायला लागते. लग्नाच्या पंगतीत खाली बसायची वेळ आली की मी पानात काय वाढलंय ते बघत नाही, जवळ खांब आहे का ते बघतो. खांबाशेजारची जागा मिळाली तर जेवतो. नाही मिळाली तर मला भूक नसते.

तशी आमची दिनचर्या आरोग्याचीच. शहरातल्या औरंगपुरा भागातल्या एका कार्यालयात चौतीस वर्षं खुर्ची झिजवून मी निवृत्त झालो. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही चौघं निवृत्त जॉगिंग ट्रॅकवर भेटतो. दोन फेऱ्या चालतो, मग बाकड्यावर बसून दहा फेऱ्यांच्या गप्पा मारतो आणि कोपऱ्यावरचे पोहे खाऊन घरी येतो. मुलानं पुण्याहून एक घड्याळ पाठवलंय. तासभर बसून राहिलं की ते मनगटावर थरथरतं. मग मी ते काढून टीपॉयवर ठेवतो.

या वयात शरीर चालतं ठेवणं म्हणजे काय, हे मला घड्याळानं शिकवलं नाही. शिकवलं माझ्या थोरल्या बहिणीनं, आणि तेही मी तिला माझ्याच घरात जवळजवळ कायमचं बसवून टाकल्यावर.

आमचं घर मेंढपाळाचं. वडिलांची शंभरावर मेंढरं होती आणि ती राखायला मी मोठा होण्याची ते वाट बघत होते. गुरुजी घरी आले आणि म्हणाले, पोरगं हुशार आहे, शाळेत घाला. वडील म्हणाले, मग मेंढरांमागं कोण जाणार? तेव्हा आक्का पंधराची असेल, मी सहाचा. ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "म्या जाते मेंढरामागं. त्याला बसू द्या शाळंत."

मी बसलो. शाळेत बसलो, कॉलेजात बसलो, मग कार्यालयात बसलो. ती चालली. लग्न होऊन पाचोडजवळच्या वाडीवर गेली, तर तिथंही मेंढरं होतीच. मेंढरं गेली तेव्हा शेळ्या आल्या. नवरा गेल्यावर तिनं आठ शेळ्या ठेवल्या आणि रोज सकाळी त्यांच्यामागं माळ तुडवला. तिचं नेमकं वय कुणालाच ठाऊक नाही, कारण आधार कार्डावर तिचं सगळं गाव एकाच दिवशी जन्मलंय. पण पंच्याहत्तर नक्की. आमच्याकडे यायची तेव्हा बसस्टँडवरून रिक्षा करायची नाही, डोक्यावर बोचकं घेऊन चालत यायची. दोन जिने चढून दारात उभी राहायची तेव्हा तिला धाप लागलेली नसायची. दार उघडायला सोफ्यावरून उठलेल्या मला लागलेली असायची.

गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. भाच्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, तिला गाडीत घालून इथं शहरात आणलं. नऊ दिवस दवाखाना, त्यातले चार ऑक्सिजनवर. मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला नाही नाही ते कबूल करत होतो. ती वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि तोंडीही सांगितलं, "फुप्फुसं साफ झालीत. आठवडाभर विश्रांती द्या, मग हळूहळू चालवा त्यांना."

मी जन्माचा कारकून. कागदातलं सोयीचं तेवढं वाचायची आमची सवय. 'विश्रांती' या शब्दाखाली मी लाल पेनानं दोन रेघा मारल्या. पुढचं वाक्य मी वाचलं होतं की नाही, हे आज शपथेवर सांगता येणार नाही.

मग आम्ही तिची सेवा सुरू केली. हौसेनं केली, प्रेमानं केली. मी औरंगपुऱ्यातून हातवाली, गादीची उंच खुर्ची आणली. संडासात कमोडला धरायला दांडे बसवून घेतले. बायकोचा आक्कावर जीव. ती तिला पाण्याचं भांडंसुद्धा उचलू देईना. आक्का उठायला गेली की आम्ही दोघं दोन खोल्यांतून एकदम ओरडायचो, "आक्का, बसून राहायचं!" बघायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा, आयुष्यभर कष्ट केले, आता आराम करा. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला बसवायचं, याशिवाय दुसरी रीतच कुणाला सुचत नाही. तिनं मला शाळेत बसवलं होतं, आता मी तिला बसवत होतो. मला तर मनातून परतफेड केल्यासारखंच वाटत होतं.

पाच आठवडे असे गेले. आक्काच्या पोटऱ्या मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्यांच्यावर थाप मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज यायचा. एक दिवस तिच्या पायाला तेल लावताना माझ्या हाताला नुसती कातडी लागली. अशक्तपणा आहे, जाईल, असं स्वतःलाच सांगितलं.

मग भाचा आला. आईजवळ थोडा वेळ बसला आणि मला गॅलरीत घेऊन गेला. माणूस चांगला आहे, आईवर माया आहे त्याची. खाली बघत म्हणाला, "मामा, मायला आता इथंच ठिवा. आमची चूल खाली, न्हाणी खाली, शेळीची धार काढायची ती बी खाली बसून. आम्ही दोघं नवराबायको सकाळी सातला घर सोडतो. ती कुठं वावरात बसली आन् उठताच नाय आलं तर दिवसभर उन्हात पडून राहील. कुणाला पत्ता बी नाय लागायचा. शेळ्या काढून टाकतो म्या बाजारात."

मला त्याचं म्हणणं पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरंच वाटलं, कारण आक्का माझ्याकडे राहणार होती. आत वळलो तर ती खुर्चीत बसून आमच्याकडेच बघत होती. कान तिचे अजून शेळ्यांमागचेच. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मुलाला एवढंच म्हणाली, "चहा पिऊन जा."

त्यानंतर तीन दिवसांनी आमच्या कॉलनीत पाणी आलं. आमच्या शहरात पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. किती दिवसांनी येईल ते देवाला ठाऊक, पण येतं तेव्हा सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली धावते. त्या दिवशी नेमकी मोटर बंद पडली. मी आणि बायको खालच्या नळावरून पाणी भरत होतो. रांग होती, भांडण होतं, मग भांडणाच्या गप्पा होत्या. दीड तास तरी गेला असेल. मी बादली घेऊन वर आलो तर उंच खुर्ची रिकामी.

आक्का जमिनीवर होती. भिंतीला पाठ लावून, पाय पुढं पसरून बसली होती. लुगडं ओलं झालं होतं, आणि ते पाणी नळाचं नव्हतं. माझ्या हातातली बादली कुठं ठेवली मला आठवत नाही.

"पडलीस का? लागलं का कुठं?"

"पडले नाय. म्याच बसले. उठता येतं का बघत व्हते."

"मग हाक का नाही मारलीस? खिडकीतून ओरडायचं, आम्ही खालीच होतो!"

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "हाक मारली असती तर तू उचललं असतंस."

दीड तास ती त्या थंड फरशीवर एकटी धडपडत होती. फरशीवर तिच्या हाताचे ओले ठसे सगळीकडे उमटले होते, भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत बोटांच्या रेघा होत्या. मी त्या बघत उभा राहिलो आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका. मी वाकलो तेव्हा ती म्हणाली, "आज उचल. पर हे शेवटचं."

बायकोनं तिला आंघोळ घातली, कोरडं लुगडं नेसवलं. खुर्चीत बसली तशी तिनं मला समोर बसायला सांगितलं.

"आजारी शेळीनं बैठक मारली की काय करत्यात, ठाव हाय तुला?"

मला ठाऊक नव्हतं. मी शाळेत होतो ना.

"तिच्या तोंडापुढं पाला टाकायचा नसतो. माया येती, पर टाकायचा नाय. पुढ्यात पाला पडला की ती बसूनच खाती. बसून खाल्लं की पाय जात्यात आन् पाय गेले की शेळी गेली. मग पाला टांगायचा. झाडाच्या फांदीला, सुतळीनं. बसून तोंड पोचंल, त्याच्या वीतभर वर."

"आणि नाही उठली तर?"

"तर उपाशी राहती. वरडती. धन्यानं काळीज घट करायचं." मग तिनं बोट माझ्याकडे केलं. "तुम्ही दोघांनी महिनाभर माझ्या तोंडापुढं पाला टाकला. आता माझा चहा टांगा."

त्याच संध्याकाळी तिनं भाच्याला फोन लावायला लावला. दिवस ती तारखेनं मोजत नाही, पाचोडच्या आठवडी बाजारानं मोजते. म्हणाली, "चार बाजार थांब. चौथ्या बाजारी हितं ये. म्या तुझ्या म्होरं जमिनीवर बसते. कुणाचा हात न धरता उठले तर शेळ्या राहत्यात आन् म्या घरी येते. नाय उठले तर सगळ्या काढ. म्या तोंडातून शबुद काढणार नाय." भाचा बरं म्हणाला. लहान पोराला म्हणतात तसं बरं म्हणाला, हे मला फोनमधूनही कळलं.

मी डॉक्टरांना विचारून आलो. ते वैतागून म्हणाले, "अहो, मी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं ना चालवा म्हणून? धाप लागली की थांबवा, जवळ कुणीतरी राहा. बाकी करू द्या." लाल रेघांचा कागद मी खिशातून बाहेर काढलाच नाही.

आक्काला चहाचं भारी वेड. पहिल्या दिवशी तो खुर्चीपासून दोन पावलांवर स्टुलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दारात. मग गॅलरीच्या टोकाला. भिंत धरून, थांबत थांबत ती पोचायची तोवर चहाचं पार पाणी झालेलं असायचं. तो ती प्यायची आणि म्हणायची, "गार हाय, पर माझा हाय." बायको पहिल्या आठवड्यात माझ्याशी धड बोलली नाही. "आजारी माणसाचा असा छळ मी माहेरी नाही पाहिला," म्हणायची. शेजारच्या बाईंनी गॅलरीतून हा प्रकार पाहिला आणि मी बहिणीला घोटभर चहासाठी घरभर फिरवतो, अशी बातमी तळमजल्यापर्यंत पोचवली. जिन्यात लोक मला नमस्कार करीनासे झाले.

पहिला बाजार झाला तेव्हा ती भिंत सोडून चालत होती. मग ती म्हणाली, "शेळीचा पाला वर टांगत्यात. माझा चहा आता खाली जाऊ दे." चहा खुर्चीवरून स्टुलावर उतरला, स्टुलावरून पाटावर. दुसरा बाजार होईतो ती पाटावर बसून टेबलाचा पाय धरून उठायला लागली. हे एवढं लिहायला मला एक ओळ लागली. तिला रोज वीस-वीस वेळा बसावं आणि उठावं लागलं. सकाळी आंघोळीनंतर, दुपारी, आणि संध्याकाळी दिवेलागणीला. कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणी बघत होतं म्हणूनही नाही. मी ट्रॅकवरून पोहे खाऊन परत यायचो तेव्हा तिचं लुगडं पाठीवर घामानं भिजलेलं असायचं. हळूहळू मी पोहे सोडले. आवडेनासे झाले असं नाही, तिच्यासमोर तोंड पुसत यायची लाज वाटायची.

आणि मग चहा जमिनीवर आला आणि गाडी अडली.

खाली बसणं तिला जमलं. उठणं जमेना. काही धरायला नसलं की अर्ध्यात आली की पाय लटपटायचे आणि ती बुडावर आपटायची. एकदा, दोनदा, दहादा. मी जवळ उभा असायचो आणि माझे हात आपोआप पुढं जायचे. ती वर न बघता म्हणायची, "हात आवर." जवळच्या माणसाला पडताना बघायचं आणि हात मागं बांधून उभं राहायचं, हा मी आयुष्यात केलेला सगळ्यात अवघड व्यायाम. मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. आत धप्प असा आवाज व्हायचा, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. एकदा तो आवाज बराच वेळ आला नाही म्हणून आत डोकावलो, तर ती पदर तोंडात धरून रडत होती. मी तसाच मागं फिरलो. तिसरा बाजार असाच गेला.

तिसऱ्या बाजारानंतर दोन दिवसांनी भाच्यानं व्हिडिओ कॉल केला. त्याचा हेतू चांगला होता, विकायच्या आधी मायला शेळ्या दाखवाव्यात. फोन आक्काच्या हातात होता. एकेक शेळी पुढं येत होती आणि ती एकेकीला नावानं हाक मारत होती. एक तांबडी शेळी रवंथ करत बसली होती. भाच्यानं तिला पायानं डिवचलं, तशी ती उठली.

"थांब!" आक्का ओरडली. "परत बसव तिला."

"काय झालं, माय?"

"बसव म्हणते ना! आन् परत उठव."

ती शेळी तीनदा बसवली आणि तीनदा उठवली. चौथ्यांदा ती वैतागून निघूनच गेली. आक्कानं फोन माझ्या हातात दिला. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "अरं, ती आधी मागचं उचलती," ती म्हणाली. "पुढचे गुडघे टेकवून आधी ढुंगण वर, मग पुढचं. आन् म्या येडी छाती वर करून उठायला बघती. साठ वर्षं त्यांच्यामागं चालले, आन् दिसलं आज."

साठ वर्षं एका गोष्टीमागं चालल्यावर, दुखण्यातून उठता उठता, पंच्याहत्तराव्या वर्षी त्यात काहीतरी नवं दिसणं! मला वाटलं होतं आक्काकडे फक्त ताकद होती आणि ती आता गेली. तिच्याकडे नजर होती. ती कुठं जाणार? मी चौतीस वर्षं ज्या कागदांमागं होतो त्यात मला कधी काही नवं दिसलं होतं का, ते मी आठवून बघितलं. नव्हतं दिसलं.

फोन ठेवल्या ठेवल्या ती जमिनीवर बसली. एका कुशीवर वळली, दोन्ही तळवे फरशीवर टेकले, गुडघ्यांवर आली. मग डोकं खाली तसंच ठेवून तिनं ढुंगण वर उचललं. पाय सरळ झाले. हात फरशीवरून एकेक वीत मागं पायांकडे आले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर. तेवढ्यात तोल गेला आणि ती पुन्हा खाली आली. पण या वेळी ती हसत होती. बायको दारात उभी होती, तिलाही हसू आवरेना. "आक्का, अहो कसं दिसतंय ते!" आक्का म्हणाली, "शेळीला कुठं लाज असती?"

चौथ्या बाजारी भाचा सकाळीच आला. गाडी खाली उभी केली होती, लगेच परत फिरून शेळ्यांसह बाजार गाठायचा त्याचा बेत असावा. आम्ही हॉलमधलं टीपॉय बाजूला सारलं. आक्कानं पदर खोचला आणि हॉलच्या मधोमध, जिथून भिंत आणि खुर्ची दोन्हींना हात पोचणार नाही, तिथं मांडी घालून बसली. "बघ रं," मुलाला म्हणाली.

तळवे टेकले. गुडघ्यांवर आली. मागचं उचललं. आदल्या दिवशी सहा वेळा जमलेलं होतं, पण मुलासमोर तिनं घाई केली. ती मागं सरकवत असलेला डावा हात घसरला आणि ती खांद्यावर कलंडली. भाचा "माय!" म्हणून पुढं झाला. माझाही हात पुढं गेला होता. तो कुणीतरी मनगटाला घट्ट धरून मागं ओढला. बघतो तर बायको. महिनाभर मला छळवादी म्हणणारी माझी बायको दुसऱ्या हातानं भाच्याचा शर्टही धरून उभी होती. "कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडका झाला होता.

आक्का पडल्या जागी थोडी थांबली. दम घेतला. मग ती पुन्हा वळली. तळवे, गुडघे, डोकं खाली, मागचं वर. हात एक वीत मागं. अजून एक वीत. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. एक हात गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला. ती तशीच ओणवी राहिली, न हलता; मी दहा श्वास मोजले असतील. त्या वेळी मला काहीही मागता आलं असतं तर 'माझे दोन्ही पाय तिला दे' एवढंच मी मागितलं असतं. मग तिची पाठ वर यायला लागली. आधी कंबर, मग खांदे, आणि शेवटी डोकं. ती उभी राहिली.

पाय कापत होते, पण ती उभी होती. घामानं कपाळावरचं गोंदण चकाकत होतं. मी अजिंठ्याची लेणी पाहिलीत, वेरूळ तर कितीदा. पाहुणे आले की दाखवायला न्यावंच लागतं. पण माणसानं केलेली गोष्ट बघून अंगावर काटा आला तो माझ्याच हॉलमध्ये, फरशीवरून उठलेल्या म्हातारीकडे बघून.

भाचा तिच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं. "बाजारला जायचं आसंल तर जा," म्हणाली. "शेळ्यांस्नी पेंड घेऊन ये."

दुपारी ती त्याच गाडीतून गेली. उंच खुर्ची आमच्या हॉलमध्ये राहिली. तिच्यात मी बसायला लागलो.

दोन महिन्यांनी, उन्हं कडक झाल्यावर, मी एसटीनं पाचोडला उतरलो आणि वाडीवर गेलो. घराला कुलूप. शेजारच्या घरातून कुणीतरी माळाकडे हात केला. त्या उन्हातून मी निघालो. दोनदा थांबलो, एकदा परत फिरावं असं वाटलं. शेवटी माळाच्या चढावर एका बाभळीखाली शेळ्या दिसल्या, आणि त्यांच्या मधोमध काठीवर हात ठेवून उभी असलेली ती. मी खालून हाक मारली. वाटलं, ती चार पावलं खाली येईल.

"वर ये!" ती म्हणाली. "चहा हितं हाय."

गेलो वर. तिनं बाटलीतून चहा आणला होता, गारच होता. आम्ही बाभळीखाली मातीवर बसलो. शेळ्या खाली पडलेल्या शेंगा खात होत्या. ती तांबडी कोणती ते तिनं दाखवलं, मग तिचीच धार काढून मला पेलाभर दूध दिलं. धार काढताना ती उकिडवी बसली होती आणि बोलता बोलता कधी उठली ते माझ्या लक्षातही आलं नाही. बऱ्याच वेळानं ऊन उतरलं. शेळ्या आपल्या आपण घराच्या वाटेला लागल्या. आक्कानं माझ्या शेजारी तळवे टेकले, मागचं उचललं आणि उभी राहिली.

मी आजूबाजूला बघितलं. खांब नव्हता. बाभळीच्या खोडाला काटे होते. मी हात वर केला, तिच्याकडे.

ती त्या हाताकडे बघत राहिली. लहानपणी मला कडेवर घ्यायची तेव्हा बघायची तसंच, प्रेमानं. पण स्वतःचा हात तिनं काठीवरून काढला नाही.

"म्याच सांगितलं व्हतं तुला बसू द्या म्हून," ती म्हणाली. "लई बसलास, बाबा. ऊठ आता."

आणि ती शेळ्यांमागं चालायला लागली. थोडा वेळ मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. मग एका कुशीवर वळलो आणि दोन्ही तळवे मातीवर टेकले.